मुंबई ते लंडन : हवाई अंतर किती, वेळ किती?

मुंबई ते लंडनचे हीथ्रो विमानतळ हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. थेट विमानाला जाताना साधारण साडेनऊ ते दहा तास आणि येताना नऊ तासांच्या आसपास लागतात. १९३० साली पहिल्या गोलमेज परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून बोटीने निघाले, तेव्हा याच प्रवासाला सुमारे दोन आठवडे लागत. आज आपल्या समाजातील मुले-मुली शिक्षणासाठी लंडनला जात आहेत. घरातला पहिलाच विमानप्रवास असेल, तर पुढील गोष्टी तिकीट काढण्याआधी माहीत हव्यात.

जाण्या-येण्याच्या वेळेत फरक का?
आकाशात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. लंडनला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीमागून. हिवाळ्यात त्यांचा जोर अधिक असतो.

मार्गही बदलतो
७,२०० किलोमीटर हे नकाशावरचे सर्वांत कमी अंतर. विमान प्रत्यक्षात त्याहून अधिक उडते. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. अशा वेळी वळसा पडतो आणि वेळ वाढतो.

घड्याळाचा हिशेब
मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन भारताच्या साडेचार तास मागे असते, एरवी साडेपाच तास. सप्टेंबरमध्ये दुपारी २ वाजता मुंबईहून निघालेले विमान साडेनऊ तासांनी पोहोचले, तर लंडनमध्ये संध्याकाळचे ७ वाजलेले असतात. डिसेंबरमध्ये तिथे ६ वाजले असतील. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या असतात. त्यांची नुसती वजाबाकी केली तर हिशेब चुकतो.

दुबईमार्गे गेल्यास
मुंबई-दुबई सुमारे १,९०० आणि दुबई-लंडन सुमारे ५,५०० किलोमीटर. म्हणजे अंतर फारसे वाढत नाही, वाढते ती मधली थांबण्याची वेळ. स्वस्त तिकीट पाहताना हा थांबा किती तासांचा आहे ते आधी बघावे. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असावेत. वेगवेगळी तिकिटे काढली आणि पहिल्या विमानाला उशीर झाला, तर दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही. पुढचे तिकीट स्वतःच्या खिशातून काढावे लागते.

विद्यार्थ्यांनी एवढे करावे
विमान उतरले की प्रवास संपत नाही. पासपोर्ट तपासणी, सामान आणि राहण्याच्या जागेपर्यंत जाणे यासाठी आणखी दोन-तीन तास हाताशी ठेवावेत. विद्यापीठात हजर होण्याच्या तारखेच्या किमान दोन-तीन दिवस आधी पोहोचावे. पहिल्यांदाच जात असाल तर दिवसाउजेडी किंवा संध्याकाळी लवकर उतरणारे विमान निवडावे. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत विमानभाड्याचाही समावेश आहे. त्यामुळे तिकीट, पावती आणि बोर्डिंग पास जपून ठेवावेत.