तळटीप : समान हितसंबंधाचा दावा

* ग्रंथकर्त्याने येथे ज्या बंगळूरच्या कज्ज्याचा ओझरता निर्देश केला आहे, तो ‘ब्रिगेड लेकफ्रंट’ या गृहसंकुलाचा होय. ११३४ सदनिकांच्या त्या संकुलातील ५१ सदनिकांच्या ९१ खरेदीदारांनी, ताबा मिळण्यास झालेल्या विलंबाची नुकसानभरपाई मागताना, समस्त सदनिकाधारकांच्या वतीने राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे फिर्याद गुदरली आणि आयोगाने तशी परवानगीही दिली. परंतु १७ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, सर्वांचा हितसंबंध एकच आहे हे फिर्यादीच्या मजकुरातूनच स्पष्ट व्हावयास हवे, आणि निरनिराळ्या इमारतींतील विलंब सारखा नसता ते गृहीत धरता येत नाही. (दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश १, नियम ८ याचे तत्त्वही हेच.) ग्रंथकर्ता मात्र फिर्याद ‘फेटाळली गेली’ असे लिहितो, ते यथार्थ नव्हे, त्या ९१ जणांपुरती ती संयुक्त फिर्याद म्हणून कायम राहिली. भोपाळच्या वायुपीडितांशी त्याने केलेली तुलनाही आम्हांस ओढूनताणून केलेली वाटते. कारण तेथे १९८५ च्या खास कायद्याने केंद्र सरकारच पीडितांचे मुखत्यार झाले होते, आणि १९८९ ची ४७ कोटी डॉलरांची तडजोड पीडितांचे म्हणणे न ऐकताच झाली.