नँटकेटचे कॉफिन : एका क्वेकर घराण्याचीं स्थलांतरें

अमेरिकेंतील जुन्या वसाहतवाल्यांचा माग काढणें हें एरवीं मोठें कष्टाचें काम आहे. जंगल तोडून शेत तयार करणारा माणूस दहा-पंधरा वर्षांनीं तें शेत विकून पश्चिमेकडे निघे, आणि त्याच्यामागें एखाद्या खरेदीखताखेरीज कांहींच उरत नसे. क्वेकर लोकांची गोष्ट मात्र निराळी. सतराव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्यें जॉर्ज फॉक्स यानें चालविलेल्या या पंथांत पुरोहित नाहीं, बाप्तिस्मा नाहीं, शपथ नाहीं, शस्त्र नाहीं. पण दप्तर आहे, आणि तें फार चोख आहे. परिसरांतील मंडळी महिन्यांतून एकदां सभा भरवीत. जन्म, मृत्यु, विवाह, तंटे, क्षमायाचना, सारें तेथें लिहून ठेविलें जाई. एखादें कुटुंब गांव सोडून निघालें कीं जुनी सभा नव्या सभेच्या नांवें त्याला दाखला देई. हीं माणसें आमच्यांत नीट वागलीं, यांच्या अंगावर कर्ज नाहीं, आणि मुलगा अविवाहित असेल तर त्यानें येथें कोणा मुलीला लग्नाचें वचन देऊन ठेविलेलें नाहीं, असा त्याचा आशय असे. पुरुषांचे दाखले पुरुषांची सभा देई, स्त्रियांचे स्त्रियांची. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्यांत आपल्याकडील घराण्यांचीं मुळें सांपडतात, तशीं या दाखल्यांत तिकडील कुटुंबांचीं पावलें सांपडतात. हे दाखले निवडून ग्रंथरूपानें एकत्र आणण्याचें काम विल्यम वेड हिनशॉ या गृहस्थानें केलें; त्याचा उत्तर कॅरोलायनावरील पहिला खंड १९३६ सालीं निघाला. हा हिनशॉ न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरांत गाणारा गायक होता. ज्या पंथानें गायनवादन वर्ज्य मानलें, त्याचें दप्तर एका गवयानें जगापुढें मांडावें, यांत थोडी गंमत आहे खरी.

या दप्तरांत ज्यांचीं पावलें स्पष्ट उमटलीं आहेत अशा घराण्यांत कॉफिन हें एक. मूळ पुरुष ट्रिस्ट्रॅम कॉफिन हा इंग्लंडांतील डेव्हन परगण्याचा. १६४२ सालीं, म्हणजे इंग्लंडांत राजा व पार्लमेंट यांच्यांत युद्ध पेटलें त्याच वर्षीं, तो बायको, मुलें, आई व बहिणी यांना घेऊन मॅसॅच्युसेट्सला आला. तो स्वतः क्वेकर नव्हता. पण ज्या वसाहतींत तो उतरला तेथें लवकरच क्वेकरांचा छळ सुरू झाला. १६५९ ते १६६१ या काळांत बोस्टन शहरांत चार क्वेकरांना फांशीं देण्यांत आलें. त्यांत मेरी डायर ही स्त्री होती. टॉमस मेसी नांवाच्या एका शेजाऱ्यानें भर पावसांत चार क्वेकर वाटसरूंना कांहीं वेळ घरांत घेतलें, एवढ्यावरून त्याला दंड झाला. मेसी व कॉफिन यांच्यासह नऊ जणांनीं १६५९ सालीं समुद्रांतील नँटकेट बेट टॉमस मेह्यू याच्याकडून विकत घेतलें. किंमत तीस पौंड आणि बीव्हरच्या लोकरीच्या दोन टोप्या, एक मेह्यूला व एक त्याच्या पत्नीला. बेटावर पिढ्यान् पिढ्या राहणारे वांपानोआग लोक या पहिल्या व्यवहारांत कोठेंच नव्हते. त्यांच्या प्रमुखांकडून जमिनी मागाहून घेण्यांत आल्या, आणि १७६३-६४ च्या साथींत त्यांच्यापैकीं बहुतेक मरून गेले.

घराण्यांत क्वेकर पंथ आणला तो ट्रिस्ट्रॅमच्या मुलीनें. मेरी कॉफिन ही नॅथनियल स्टारबक याला दिलेली. नवऱ्यापेक्षां तिचाच शब्द बेटावर चाले, आणि लोक तिला ‘थोर मेरी’ म्हणत. १७०२ सालीं जॉन रिचर्डसन हा क्वेकर प्रचारक बेटावर आला, तेव्हां तिचें वय सत्तावन होतें. त्याचें भाषण ऐकून तिला रडूं कोसळलें, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. १७०८ सालीं बेटावर मासिक सभा स्थापन झाली, आणि पुढील शंभर वर्षें नँटकेट म्हणजे क्वेकर आणि देवमाशांची शिकार, असें समीकरणच बनलें.

१७१६ सालीं या सभेनें एक ठराव लिहून ठेविला. गुलाम विकत घेऊन त्यांना जन्मभर बाळगणें सत्याला धरून नाहीं, असा त्याचा मतितार्थ. अमेरिकेंत इतक्या लवकर एखाद्या धर्मसभेनें असें लेखी म्हटल्याचीं उदाहरणें फार थोडीं. हा ठराव ध्यानांत ठेविला पाहिजे; कारण तो मानणाऱ्यांचे नातूपणतू पुढें गुलामांच्याच मुलखांत राहावयास गेले.

गेले ते जमिनीसाठीं. नँटकेटची भूमि रेताड. झाडें तुटून गेलेलीं. जळणाचें लांकूडसुद्धां जहाजांतून आणावें लागे. माणसें वाढलीं, जमीन वाढली नाहीं. उलट उत्तर कॅरोलायनाच्या पायथ्याच्या प्रदेशांत ओक वृक्षांचीं रानें आणि स्वस्त लाल माती होती, आणि गिल्फर्ड परगण्यांत पेनसिल्व्हेनियाकडून आलेल्या क्वेकरांनीं न्यू गार्डन नांवाची वसाहत केली होती. १७५४ पासून तेथें मासिक सभा होती. १७७० नंतर नँटकेटचीं कुटुंबें दाखले घेऊन तिकडे निघालीं. त्यांत विल्यम कॉफिन व प्रिसिला कॉफिन हें जोडपें मुलांबाळांसह होतें. दर्यावर्दी शेतकरी झाले. १५ मार्च १७८१ रोजीं गिल्फर्ड कोर्टहाऊस येथें इंग्रज व अमेरिकन सैन्यांची लढाई झाली, तेव्हां न्यू गार्डनचें सभागृह जखमींनीं भरून गेलें, आणि क्वेकरांनीं दोन्ही बाजूंच्या माणसांची सारखीच शुश्रूषा केली.

लढाई एका दिवसांत सरली. गुलामगिरी सरणारी नव्हती. उत्तर कॅरोलायनाच्या क्वेकरांनीं १७७६ नंतर आपल्या ताब्यांतील माणसें मोकळीं करावयास आरंभ केला. पण न्यायालयाच्या परवानगीशिवाय गुलाम मुक्त करतां येणार नाहीं असा कायदा १७७७ सालीं झाला, आणि मुक्त केलेल्या माणसांना धरून पुन्हां लिलावांत विकण्यांत येऊं लागलें. त्यावर १८०८ सालीं पंथाच्या वार्षिक सभेनें एक विचित्र तोड काढली. मालकांनीं आपले गुलाम सभेच्या नांवें करून द्यावेत आणि सभेनें त्यांना स्वतंत्र माणसांसारखें वागवावें! अशा रीतीनें गुलामगिरीला पाप म्हणणारी संस्था कागदोपत्रीं शेंकडों गुलामांची मालकीण झाली. त्यांतील अनेकांना पुढें ओहायो, इंडियाना, हैती, लायबेरिया अशा ठिकाणीं पाठवून मोकळें करण्यांत आलें. ही तोड राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें १८२७ सालीं बेकायदा ठरविली.

विल्यमचा नातू लेव्ही कॉफिन २८ ऑक्टोबर १७९८ रोजीं न्यू गार्डनला जन्मला. तो सात वर्षांचा असतांना बाप रस्त्याकडेला लांकडें फोडीत होता आणि मुलगा जवळ उभा होता. साखळीला जखडलेल्या गुलामांचा एक तांडा तेथून चालला. तुम्हांला असें कां बांधलें आहे, असें बापानें विचारतां त्यांतील एकानें सांगितलें, कीं आम्हांला बायकामुलांपासून तोडून नेत आहेत, आणि आम्ही पळून परत त्यांच्याकडे जाऊं म्हणून हें बांधणें. मुलाच्या मनांत एकच विचार घोळत राहिला : आपल्या बाबांना असें नेलें तर? लेव्हीनें ही हकीकत म्हातारपणीं लिहिली, तेव्हांही तिचा चटका कमी झालेला दिसत नाहीं. १८२१ सालीं त्यानें व त्याच्या व्हेस्टल नांवाच्या चुलतभावानें गुलामांना बायबल वाचतां यावें म्हणून रविवारची शाळा काढली. मालकांनीं ती लवकरच बंद पाडली.

या सुमारास दक्षिणेंतील क्वेकरांच्या वस्त्या ओस पडत होत्या. १७८७ च्या वटहुकुमानें ओहायो नदीच्या उत्तरेस गुलामगिरीला बंदी होती, आणि मूळच्या इंडियन जमातींकडून तहांनीं काढून घेतलेली जमीन तेथें विक्रीस निघाली होती. दक्षिण कॅरोलायनांतील बुश रिव्हर, जॉर्जियांतील राइट्सबरो यांसारख्या सभा कांहीं वर्षांत नामशेष झाल्या. हें जाणें सोज्वळ होतें, पण तें कितपत उपयोगी होतें, याबद्दल शंका घेण्यास जागा आहे. विवेक जपणारीं कुटुंबें गाड्या भरून निघून गेलीं. साखळींतील माणसें होतीं तेथेंच राहिलीं, आणि त्यांच्या बाजूनें बोलणारा शेजारीही उरला नाहीं.

लेव्हीचे आईबाप १८२५ सालीं इंडियानाला गेले. १८२६ सालीं तो पत्नी कॅथरिन हिच्यासह मागोमाग गेला आणि न्यूपोर्ट या खेड्यांत त्यानें दुकान घातलें. शेजारच्या स्वतंत्र कृष्णवर्णी कुटुंबांकडे दक्षिणेंतून पळालेले गुलाम आश्रयाला येत आणि पुष्कळदां पकडले जात, असें त्याच्या कानीं आलें. या कृष्णवर्णी वस्तींत कॅरोलायनाच्या क्वेकरांनीं मोकळ्या केलेल्या माणसांचे वंशज होते. लेव्हीनें निरोप दिला, कीं त्यांना माझ्या घरीं आणा. पळालेल्या गुलामाला आसरा देणाऱ्यास १७९३ च्या कायद्यानें पांचशें डॉलर दंड होता. शेजारीपाजारी घाबरले, कांहीं गिऱ्हाइकें तुटलीं. मग नवी वस्ती वाढली, गिऱ्हाइकेंही आलीं. जवसाच्या तेलाची गिरणी निघाली, आणि गृहस्थ एका बँकशाखेचा संचालक झाला. संपन्न, आब असलेल्या व्यापाऱ्याच्या घराची झडती घेण्यास सहसा कोणी धजत नसे. ओहायो नदीकडून येणाऱ्या तीन वाटा त्याच्या दाराशीं मिळत. रात्रीं दारावर हलकीशी थाप पडे. कॅथरिन उठून चूल पेटवी आणि स्वयंपाकाला लागे. दरवर्षीं सरासरी शंभर माणसें त्या घरांतून कॅनडाकडे गेलीं, असा त्याचा अंदाज होता. या गुप्त व्यवस्थेला लोक ‘भुयारी रेल्वे’ म्हणत. तिला रूळही नव्हते आणि भुयारही नव्हतें. त्यांचें १८३९ सालचें विटांचें घर आजही उभें असून राज्याचें स्मारक म्हणून राखलेलें आहे.

विरोध मात्र अनपेक्षित बाजूनें आला. इंडियानाच्या वार्षिक सभेनें आपल्या माणसांना गुलामगिरीविरोधी संस्थांत मिसळूं नका असें बजावलें, आणि न ऐकणाऱ्यांना समित्यांवरून काढून टाकलें. १८४३ सालीं लेव्ही व त्याच्या सोबत्यांनीं न्यूपोर्टलाच वेगळी वार्षिक सभा स्थापिली. ज्या पंथाच्या दाखल्यांवर हें घराणें तीन पिढ्या विसंबलें, त्याच पंथाबाहेर त्याला उभें राहावें लागलें. ही फूट भरून निघण्यास चौदा-एक वर्षें लागलीं.

शेवटचें स्थलांतर १८४७ चें. गुलामांच्या श्रमानें न पिकलेला कापूस व साखर विकण्यासाठीं पांच वर्षें राहावें, या बेतानें लेव्ही सिन्सिनाटीला गेला. असा माल महाग पडे आणि पुष्कळदां निकृष्टही असे. दुकान कधींच नीट चाललें नाहीं. पांच वर्षांचीं तीस वर्षें झालीं. नदीपलीकडे केंटकी हें गुलामांचें राज्य, त्यामुळें दारावरील थाप येथेंही थांबली नाहीं. यादवी युद्ध चालू असतांना, १८६४ सालीं, मुक्त झालेल्या लोकांसाठीं निधि जमविण्यास तो इंग्लंडला गेला आणि वर्षभरांत एक लाखाहून अधिक डॉलर जमवून आला. ट्रिस्ट्रॅम तेथून निघाला त्याला तेव्हां दोनशें बावीस वर्षें झालीं होतीं.

लेव्ही कॉफिन १६ सप्टेंबर १८७७ रोजीं वारला. जुन्या क्वेकरांना थडग्यावर दगड उभारणें मान्य नव्हतें. सिन्सिनाटीच्या स्प्रिंग ग्रोव्ह दफनभूमींत त्याची जागाही बिनखुणेची राहिली. १९०२ सालीं शहरांतील कृष्णवर्णी नागरिकांनीं तेथें सहा फूट उंचीचा दगड बसविला.