रिकाम्या जागेचें महत्त्व

आपल्याकडे घर बांधतांना पुढें कधीं तरी माडी चढवावयाची, असें मनांत असलें म्हणजे खांबांचे लोखंडी गज वर काढून ठेवतात. घर आज बैठें असतें. परंतु त्या गजांकडे पाहिलें कीं कळतें, येथील काम अद्याप संपलेलें नाहीं. संगणकाच्या इतिहासांतही असा एक काळ होऊन गेला, कीं ज्यांत कारखानदार यंत्राच्या पोटांत अशीच जागा मुद्दाम रिकामी ठेवीत असत, आणि ती भरण्याचें काम पुष्कळदां यंत्राचा मालक स्वतःच्या हातानें करीत असे. त्या काळांतील बरोबर नेण्याजोग्या संगणकांची, आणि त्यांना स्वहस्तें वाढविणाऱ्या मालकांची हकीकत आज सांगावयाची आहे.

हिचा आरंभ १९८१ सालच्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेंत होतो. ॲडम ऑसबोर्न यांनीं त्या महिन्यांत ‘ऑसबोर्न-१’ हा संगणक लोकांपुढें मांडला. या गृहस्थांचे वडील आर्थर ऑसबोर्न हे रमण महर्षींचे भक्त. त्यामुळें ॲडम यांचें बालपण आपल्याच देशांत, तिरुवण्णामलै येथें गेलें होतें. यंत्राची रचना ली फेल्सेनस्टाइन यांची. किंमत १७९५ डॉलर, वजन सुमारें ११ किलो, आणि मिटल्यावर आकार शिवणयंत्राच्या पेटीएवढा. आंत बॅटरी नव्हती. जेथें न्यावें तेथें भिंतींतील वीज शोधावी लागे. पडदा अवघा पांच इंचांचा, व त्यावर एका ओळींत ५२ अक्षरें मावत. परंतु टंकलिखित कागदाची ओळ ८० अक्षरांची. तेव्हां ती वाचावयास पडद्यावरील मजकूर आडवा सरकवावा लागे. शिवाय एका फ्लॉपी तबकडींत सुमारें ९० किलोबाईट एवढाच मजकूर राही.

या उणीवा मालकांनीं मुकाट्यानें सोसल्या नाहींत. तबकडींत दुप्पट मजकूर सांठविणारा सर्किट बोर्ड निघाला. एका ओळींत ८० अक्षरें दाखविणारी जोडणी निघाली. कांहीं सुधारणा मूळ कंपनीनें विकल्या, कांहीं बाहेरच्या लहान कारखान्यांनीं. पुढें १९८३ च्या सप्टेंबरांत ऑसबोर्न यांच्या कंपनीचें दिवाळें वाजलें. कारखाना बुडाला म्हणून घरोघरचीं यंत्रें मात्र बुडालीं नाहींत. ‘फर्स्ट ऑसबोर्न ग्रुप’ या नांवाचें मालकांचें मंडळ होतें. अशा मंडळांतून माहितीची व प्रोग्रामांची देवघेव चाले, आणि ज्यास एक युक्ति साधली तो ती दुसऱ्यास शिकवी.

त्याच १९८३ सालीं दुसरें एक यंत्र बाजारांत आलें, व आपल्या विषयाचा खरा नायक तेंच होय. जपानांतील क्योसेरा कंपनीनें तें घडविलें आणि अमेरिकेंत रेडिओ शॅकच्या दुकानांतून ‘टीआरएस-८० मॉडेल १००’ या नांवानें तें विकलें गेलें. वजन दीड किलोच्या आंत, आकार जाड वहीएवढा. चार पेन्सिल सेल घातले कीं सुमारें वीस तास चालावें. पडद्यावर आठ ओळी व प्रत्येक ओळींत ४० अक्षरें. आंतील बेसिक भाषा मायक्रोसॉफ्टची. बिल गेट्स यांनीं स्वतः मोठा भाग लिहिलेल्या अखेरच्या कामांपैकीं तें एक. टेलिफोनच्या तारेवरून मजकूर धाडण्याची सोयही आंतच असल्यामुळें वृत्तपत्रांच्या बातमीदारांस हें यंत्र फार प्रिय झालें.

परंतु सर्वांत स्वस्त यंत्रांत मेमरी होती अवघी ८ किलोबाईट, म्हणजे ८१९२ अक्षरें. आणि त्यांतलाही कांहीं भाग यंत्र आपल्या कामासाठीं अडवून ठेवी. इंग्रजी मजकुराचीं तीन-चार पानें झालीं कीं वही भरली. ही मेमरी ८-८ किलोबाईटच्या पायऱ्यांनीं ३२ पर्यंत नेतां येत असे, आणि त्याकरितां आंत तीन सॉकेट रिकामीं ठेवलेलीं होतीं. दुकानांत नेऊन तीं भरून घेण्याची सोय होतीच. पण बाहेरच्या विक्रेत्यांकडून चिप मागवून घरच्या मेजावर स्वतः बसविणारे मालकही पुष्कळ निघाले.

हें काम करतांना एक गोष्ट मनावर घ्यावी लागे. या यंत्रांत लिहिलेला मजकूर तबकडीवर नसून विजेच्या आधारानें मेमरींतच राहत असे. पेन्सिल सेल बदलतांना मजकूर जाऊं नये म्हणून बोर्डावर एक लहान बॅटरी कायमची बसविलेली असे. यंत्र उघडण्यापूर्वीं तळाचें एक बटण बंद करून ही वीजही तोडावी लागे. आणि ती तोडली कीं यंत्र सारें विसरून जाई. म्हणून आधीं मजकूर कॅसेटवर उतरवून घ्यावयाचा, मग बटण बंद करावयाचें, मग स्क्रू काढावयाचे. अंगावरील स्थिर विजेनें चिप जळूं नये म्हणून प्रथम जमिनीशीं जोडलेल्या धातूस हात लावावयाचा. चिपची खूण पाहून ती योग्य दिशेनें, एकही पाय न वांकवितां दाबावयाची. अधिक स्मरणशक्ति हवी असेल तर प्रथम होती तेवढी सोडून द्यावी लागे! ज्याचा हात त्या वेळीं थरथरला नसेल असा मालक विरळा.

पुढें वर्षें लोटलीं, दुकानें या यंत्रास विसरलीं, आणि जी बॅटरी मजकुराचें रक्षण करी तीच त्याची वैरीण झाली. निकेल-कॅडमियमची ती बॅटरी जुनी झाली म्हणजे पाझरते व सर्किट बोर्डाच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. जुने कपॅसिटरही पाझरूं लागतात. ते उपसून नवे डाखानें बसविणें हें आज या यंत्राच्या मालकाचें पहिलें कर्तव्य ठरलें आहे. तळाशीं जादा प्रोग्रामच्या चिपसाठीं एक सॉकेट होतें. त्याच्या पायांचा क्रम नेहमीच्या चिपहून निराळा, म्हणून हौशी लोकांनीं मधें बसविण्याचे लहान बोर्ड स्वतः आंखून घेतले. यंत्रांतील घड्याळाची चिप महिना, दिवस व वेळ राखी, वर्ष मात्र राखीत नसे. आणि पडद्यावरील वर्षाचे ‘१९’ हे पहिले दोन अंक कायमचे कोरलेले होते. २००० साल उजाडलें तरी यंत्र मागील शतकांतच राहिलें. कांहीं मालकांनीं मूळ प्रोग्रामची चिप काढून दुरुस्त केलेली चिप घातली व त्यास नव्या शतकांत आणून सोडलें.

आतां दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आजच्या अनेक पातळ संगणकांत मेमरी बोर्डावर डाखानेंच पक्की केलेली असते. त्यामुळें यंत्र सडपातळ होतें, सैल झालेल्या सॉकेटाची तक्रार राहत नाहीं, वेगही साधतो. हे लाभ खोटे नव्हेत. परंतु विकत घेतलें त्या दिवशीं जेवढी मेमरी, तेवढीच शेवटच्या दिवसापर्यंत. आणि ती चिप बिघडली तर बहुधा सारा बोर्डच टाकावयाचा. वस्तु दुरुस्त करण्याचा मालकास हक्क असावा किंवा कसें, हा प्रश्न आतां सरकारांपुढेंही आला आहे; आपल्या केंद्र सरकारनें २०२२ सालीं त्याकरितां एक समिति नेमली.

मॉडेल १०० हें यंत्र आजच्या मानानें दुबळें, हें कबूलच आहे. तरी चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर त्यांतील कित्येक यंत्रें अजून सुरू होतात, त्याचें कारण त्याच्या बलांत नाहीं. त्यास उघडतां येतें, त्यांतला भाग काढतां येतो, दुसरा घालतां येतो, यांत तें आहे. तीन सॉकेट रिकामीं ठेवणाऱ्यानें न कळत मालकास एक निरोप दिला होता : हें काम पुरें झालेलें नाहीं, पुढचें तुम्ही करा. ज्यांनीं तो निरोप वाचला त्यांच्याच घरीं तीं यंत्रें आज जिवंत आहेत.