काळ्या मातीची निसरडी वाट

आमच्या वाशिम जिल्ह्यात बर्फ पडत नाही. गाडी घसरते ती पावसाळ्यातल्या काळ्या मातीवर. पाणी पिऊन ही माती फुगते, चाकाला चिकटते, मग पकड सुटते. मानोऱ्याकडे टेम्पो नेताना मला लमाणांचे तांडे आठवतात. त्यांचे श्रद्धास्थान पोहरादेवी याच मानोरा तालुक्यात आहे. मीठ-धान्याच्या गोण्या बैलांच्या पाठीवर लादून ते मुलूख ओलांडत आणि पावसाळ्यात मुक्काम ठोकत. १८६७मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली, तसा हा व्यापार मोडत गेला. आता डांबरी सडक आहे, पण ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातला चिखल तिच्यावर येतोच. तिथे मी खालचा गिअर टाकतो, ब्रेक हळू दाबतो. लमाणांइतका मातीचा मान राखणारा चालकच इथे सुखरूप पोहोचतो.