खुबा मोडल्यानंतरचे तीस दिवस

मराठीत मरणाच्या आधीची पायरी सांगणारा एक वाक्प्रचार आहे : अंथरूण धरणे. 'खुबा मोडला आणि आजींनी अंथरूण धरलं' एवढं ऐकलं की समोरचा फक्त 'कधी गेल्या?' एवढंच विचारतो. या दोन वाक्यांच्या मध्ये काय घडतं आणि ते आधी ओळखता येतं का, या प्रश्नाला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो वाचताना मला एक गंमत जाणवली. वैद्यक निघालं होतं म्हाताऱ्या माणसाच्या मृत्यूचं भाकीत करायला, पण वाटेत त्याला स्वतःचाच हिशेब द्यावा लागला.

लंडनचे शल्यविशारद सर ॲस्टली कूपर यांचा सांधे निखळणं आणि सांध्यांजवळची हाडं मोडणं यांवरचा ग्रंथ 1822 साली निघाला. रस्त्याकडेच्या उंच पदपथावरून पाय घसरणं हे लंडनमधल्या खुब्याच्या मोडीचं नेहमीचं कारण, असं निरीक्षण त्यांनी त्यात नोंदवलं. सांध्याच्या आवरणाच्या आत मोडलेलं हाड सहसा जुळत नाही, बाहेर मोडलेलं जुळतं, हा भेदही त्यांनी दाखवला. आतल्या मोडीत मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. अशा म्हाताऱ्या रुग्णाला महिनोन्महिने जखडून ठेवू नका, असं त्यांचं सांगणं होतं. पायाखाली उशी द्या, सूज आणि वेदना ओसरल्या की उंच खुर्चीत बसवा, मग कुबड्या द्या. हाड जुळवण्याच्या नादात माणूस गमावू नका. स्वतःवर ही वेळ आली तर आपण हेच करू, असंही त्यांनी लिहून ठेवलं.

पुढे बराच काळ वैद्यक उलट दिशेने गेलं. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या रॉयल व्हिटमन यांच्या पद्धतीने पाय फाकवून प्लास्टर घालत. हाड जुळण्याची शक्यता वाढली, पण अंथरूण सुटलं नाही. पडून राहिलेल्या म्हाताऱ्या शरीरात छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात. जीव जातो तो मोडलेल्या हाडापेक्षा या गोष्टींनी. 1947 साली रिचर्ड ॲशर या इंग्रज डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अंथरुणाच्या धोक्यांवरच एक लेख लिहिला. त्याआधी 1931 साली बॉस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी तीन पात्यांच्या धातूच्या खिळ्याने मोडलेलं हाड आतूनच पक्कं करण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. आता रुग्णाला लवकर उठवता येणार होतं, फक्त शस्त्रक्रिया झेपली पाहिजे.

पण ती कोणाला झेपेल? 1941 साली अमेरिकेतल्या तीन भूलतज्ज्ञांनी रुग्णांच्या प्रकृतीची प्रतवारी केली. ही प्रत शरीराची अवस्था सांगते, शस्त्रक्रियेतला धोका नव्हे, हे त्यांनी स्पष्ट केलं होतं. तरी लोक ती भाकितासाठीच वापरू लागले.

खास खुब्यासाठीचा हिशेब 2008 साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमहून आला. वय 66 ते 85 असेल तर तीन गुण, त्यापुढे चार. पुरुष असणं, हिमोग्लोबिन दहा किंवा त्याहून कमी असणं, स्मरणचाचणीत दहापैकी सहा किंवा कमी गुण मिळणं, वृद्धाश्रमासारख्या संस्थेत राहणं, दोन किंवा अधिक जुने आजार असणं आणि कर्करोग यांचा प्रत्येकी एक. दहापैकी बेरीज जितकी जास्त, तितकी शस्त्रक्रियेनंतरच्या तीस दिवसांत मृत्यूची शक्यता जास्त.

यातली स्मरणचाचणी 1972 सालची, हॉडकिन्सन यांची. त्यात जन्मतारीख, पहिल्या महायुद्धाचं साल, राजा किंवा राणीचं नाव असे प्रश्न होते. आयुष्याचा काळ पानशेतचा पूर, कोयनेचा भूकंप आणि बहात्तरचा दुष्काळ यांवर मोजणाऱ्या आपल्याकडच्या आजी स्मृती शाबूत असूनही त्यात नापास होतील. एका गावचा आकडा दुसऱ्या गावी जसाच्या तसा चालत नाही. खुद्द ब्रिटनमधल्या इतर रुग्णालयांच्या नोंदींशी ताडल्यावरही या सूत्रात दुरुस्ती करावी लागली.

मला महत्त्वाची वाटते ती यादीत नसलेली गोष्ट. हे सगळे घटक रुग्ण दारात आला तेव्हाचे आहेत. रुग्णालयाने पुढे काय केलं, त्याचा एकही गुण नाही. म्हणूनच रुग्णांच्या प्रकृतीतला फरक वजा करून उरलेल्या फरकाचा जाब रुग्णालयांना विचारता येतो. ब्रिटनमध्ये 2007 साली खुब्याच्या मोडीची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. 2010 पासून इंग्लंडमध्ये छत्तीस तासांच्या आत शस्त्रक्रिया आणि वार्धक्यतज्ज्ञाची देखरेख अशा अटी पाळणाऱ्या रुग्णालयांना जादा पैसे मिळू लागले. नोंदवहीत सामील झालेल्या रुग्णालयांत तीस दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण 2007 मध्ये 10.9 टक्के होतं, 2011 मध्ये 8.5 टक्के झालं. चार वर्षांत तिथली म्हातारी माणसं काही तरुण झाली नव्हती.

नुसत्या घाईने मात्र हे साधत नाही. भारतासह 17 देशांतल्या 2970 रुग्णांवरचा एक अभ्यास 2020 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. निदानानंतर सुमारे सहा तासांत शस्त्रक्रिया झालेल्यांत नव्वद दिवसांतले मृत्यू 9 टक्के होते, सुमारे चोवीस तासांनी झालेल्यांत 10 टक्के. हा फरक ठरवून काही सांगण्याइतका नव्हता. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना भ्रम कमी झाला आणि ते लवकर उभे राहिले, एवढं मात्र दिसलं.

आपल्या घरांत प्रश्न येतो तो 'या वयात ऑपरेशन झेपेल का?' असा. नॉटिंगहॅमचा आकडा शस्त्रक्रिया झालेल्यांचा आहे. न केल्यास काय होईल, याबद्दल तो गप्प आहे, आणि आपण मात्र तो नकाराच्या बाजूने वाचतो. न करण्यालाही धोका असतो, आणि त्याचं नाव आपल्या भाषेला केव्हापासून ठाऊक आहे. बेरीज मोठी आली तरी वेदना कमी व्हाव्यात, कुशीवर वळवता यावं, बसून चहा पिता यावा, एवढ्यासाठीही शस्त्रक्रिया केली जाते. तेव्हा डॉक्टरांना टक्केवारी जरूर विचारावी, पण त्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात : ऑपरेशन कधी होणार, आणि दुसऱ्या दिवशी आजींना खुर्चीत कोण बसवणार?