डब्लिनचे ग्रीक प्राध्यापक : फादर हॉपकिन्स

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये उच्च शिक्षणाचा पाया ग्रीक आणि लॅटिन या दोन प्राचीन भाषांवर घातलेला होता. १८६३ साली ऑक्सफर्डच्या बेलिअल कॉलेजात दाखल झालेल्या जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स यांनी या अभ्यासक्रमाच्या दोन्ही परीक्षांत प्रथम वर्ग मिळविला. प्लेटोचे विख्यात भाषांतरकार बेंजामिन जॉवेट हे त्यांच्या गुरूंपैकी एक. विद्वत्तेचा राजमार्ग समोर मोकळा होता. परंतु २१ ऑक्टोबर १८६६ रोजी, पुढे संतपदाला पोहोचलेल्या जॉन हेन्री न्यूमन यांच्या हस्ते त्यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला आणि १८६८ मध्ये ते येशूसंघात दाखल झाले. त्याच वर्षी त्यांनी आपल्या कविता जाळून टाकल्या. काव्यरचना आपल्या पाचारणाला साजेशी नाही, अशी त्यांची समजूत होती.

डिसेंबर १८७५ मध्ये जर्मनीतून हद्दपार झालेल्या पाच फ्रान्सिस्कन धर्मभगिनी ‘डॉइशलँड’ या जहाजाच्या अपघातात बुडाल्या. त्यांच्यावर कोणीतरी लिहावे, अशी इच्छा वरिष्ठांनी व्यक्त करताच हॉपकिन्स यांचे मौन संपले. त्या दीर्घ कवितेत त्यांनी एक निराळी लय योजिली. आपल्याकडील अक्षरगणवृत्तांत लघुगुरूंचा क्रम ठरलेला असतो; ओवीला तेवढे बंधन नसते. हॉपकिन्स यांच्या लयीत चरणातील आघात मोजावयाचे, अक्षरे कमी-अधिक झाली तरी चालतील. ही लय आपण शोधून काढली असे ते म्हणत नसत. प्राचीन ग्रीक व लॅटिन गीतकाव्यात, जुन्या इंग्रजी कवितेत आणि बालगीतांतही ती आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ‘द मंथ’ या येशूसंघाच्याच मासिकाने मात्र ती कविता छापली नाही.

१८८४ साली त्यांची डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ग्रीकचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. वर्षाचे चारशे पौंड वेतन संघाच्या कामी जाई. परीक्षांच्या वेळी शेकडो उत्तरपत्रिका येत, आणि अर्धा-पाव गुणही तोलून देण्याच्या त्यांच्या सचोटीमुळे हे काम त्यांना अधिकच जड होई. ग्रीक छंदांवर ग्रंथ लिहिण्याचा संकल्प होता. तो सिद्धीस गेला नाही. शेक्सपिअरची काही गीते त्यांनी लॅटिन आणि ग्रीकमध्ये उतरविली, एवढाच त्यांचा विरंगुळा. स्वराज्याच्या मागणीने पेटलेल्या आयर्लंडमध्ये हा इंग्रज धर्मगुरू एकाकी होता. १८८५ च्या सुमारास लिहिलेल्या त्यांच्या सुनीतांत देवाशी चाललेला दारुण झगडा दिसतो.

जुलै १८८८ मध्ये मात्र ग्रीक पंडित आणि ख्रिस्ती कवी एकाच रचनेत भेटले. विश्व म्हणजे सतत जळणारा अग्नी, असे हेराक्लिटस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाने सांगितले होते. हॉपकिन्स यांनी हा विचार कवितेच्या शीर्षकातच गोवला. ढग, वारा, चिखल, सारे त्या अग्नीत रूपांतर पावते. मनुष्याची खूणही पुसली जाते. येथपर्यंत ते ग्रीक गुरूबरोबर चालतात. मग पुनरुत्थानाचे स्मरण होते आणि कवितेचा सूर पालटतो : जो नाशवंत होता, तोच अक्षय ठरतो. ग्रीक विचार नाकारून ते या श्रद्धेकडे आलेले नाहीत. त्याची पूर्ण दाहकता सोसून आले आहेत.

पुढच्याच वर्षी, ८ जून १८८९ रोजी, विषमज्वराने वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. कवितासंग्रह निघालेला नव्हता, नियोजित ग्रंथ अपुरेच होते. ऑक्सफर्डपासूनचे मित्र, पुढे राजकवी झालेले रॉबर्ट ब्रिजेस यांनी जपलेल्या कविता १९१८ साली प्रसिद्ध केल्या. प्रती निघाल्या अवघ्या ७५०. दुसरी आवृत्ती १९३० मध्ये आली, तोवर नवे कवी त्यांच्याकडे वळू लागले होते.

विद्यापीठाच्या दप्तरात या प्राध्यापकाच्या नावावर फारसे काही जमा झाले नाही. इंग्रजी काव्यात मात्र ग्रीक लय आणि ग्रीक विचार यांना त्यांनी ख्रिस्ती प्राण दिला. आपल्या श्रमाचे चीज झाले, हे समाधान त्यांना या जगात लाभले नाही. तरीही समोर आलेली प्रत्येक उत्तरपत्रिका त्यांनी न्यायाने तपासली, हेही त्यांच्या कवितेइतकेच लक्षात ठेवण्याजोगे आहे.