ड्युकोपासून क्लिअरकोटपर्यंत

आकुर्डीच्या बजाज कारखान्यातली 'चेतक' १९७२ साली आली तेव्हा स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. एवढी वाट पाहून मिळालेल्या गाडीला पहिला चरा पडला की मालकाचा जीव कासावीस होई. पेंटर मात्र निवांत असे. त्याच्याकडे ड्युको होता.

ड्युको हा अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीचा नायट्रोसेल्युलोज लॅकर. १९२०च्या दशकात जनरल मोटर्सने तो 'ओकलंड' गाड्यांना लावला आणि वार्निश वाळण्यात जाणारे आठवडे वाचले. आपल्याकडच्या गॅरेजांत तो असा रुळला, की फवारलेल्या कुठल्याही चकचकीत रंगाला लोक ड्युकोच म्हणू लागले. दुरुस्तीसाठी त्याचा गुण मोठा: थिनर लागला की वाळलेला थरही विरघळतो, त्यामुळे नवा हात जुन्यात मुरतो आणि सांधा दिसत नाही.

काम मात्र चिकाटीचं. वॉटर पेपर भिजवून घासायचं, खोलगट जागी लांबी (पुटी) भरायची, सुकली की पुन्हा घासायचं. लांबी बसली का, हे जाणता पेंटर ओल्या पत्र्यावरून तळवा फिरवून ओळखतो. तिथे डोळे फसतात. मग प्रायमर, गनने पातळ हात आणि शेवटी रबिंग. हा वॉटर पेपर १९२१ चा, थ्री-एम कंपनीचा. कडा झाकायची मास्किंग टेपही त्याच कंपनीची, १९२५ ची. दुरंगी गाड्या रंगवणाऱ्यांची चिडचिड पाहून रिचर्ड ड्रू यांनी ती शोधली.

१९९०नंतर पिंपरीत चित्र पालटलं. टाटांच्या टेल्को कंपनीची 'सिएरा' १९९१ ची, 'इंडिका' १९९८ ची. मधल्या काळात टेल्कोच्याच आवारात मर्सिडीजची जुळणी सुरू झाली. मेटॅलिक रंग आले: खाली ॲल्युमिनियमचे कण मिसळलेला रंग, वर पारदर्शक क्लिअर. हा क्लिअर जेमतेम ४० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही बारीक.

इथे जुनी हातोटी अपुरी पडली. नख अडकत नसेल तर चरा क्लिअरमध्येच आहे, कंपाउंड-बफिंगने निघतो. पण हौसेने वरचेवर घासलं तर क्लिअरच उडतो. चरा खाली रंगापर्यंत गेला असेल तर बहुधा अख्खा पॅनल रंगवावा लागतो. त्यातही गन किती लांब धरली, हवेचा दाब किती ठेवला, यावर कण कसे पडतात ते ठरतं. शेडचा नंबर तोच असूनही दरवाजा बाजूने वेगळा दिसतो, आणि गिऱ्हाईक भांडायला तयार!

कारखान्यात बॉडी सुमारे १४० अंशांच्या भट्टीत भाजतात. तयार गाडीचं रबर, वायरिंग, प्लॅस्टिक ते सोसणार नाही. म्हणून गॅरेजात हार्डनर घालून ६० अंशांच्या आसपास रंग सुकवतात. या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा जडू शकतो. तरी तोंडाला नुसता रुमाल बांधून गन चालवणारे पेंटर कमी नाहीत.

२००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, मर्सिडीजही तिकडेच गेली. आताच्या पेंट शॉपमध्ये फवारणी रोबो करतात. पण क्लिअरमध्ये धुळीचा कण अडकला, तर तपासणीच्या लाइनवर तो बारीक पेपरने घासून बफ करायचं काम अजून बहुतेक ठिकाणी माणसालाच करावं लागतं.